ससून डॉक ते सटाणा : ४६ तासांचा घटनाक्रम

मुंबईचा समुद्र सटाण्याहून अडीचशे किलोमीटरवर आहे. इथल्या, म्हणजे बागलाणच्या, स्वयंपाकघरात तो पिढ्यान्‌पिढ्या आला तो वाळूनच : सुकट, जवळा, बोंबील. ओलं म्हणाल तर धरणातले मासे आणि पावसाळ्यात ओहोळातले खेकडे. आता कांद्याच्या पिकअप रात्रीतून वाशीला पोचतात आणि परतताना थर्माकोलच्या खोक्यातून कोळंबी, तिसऱ्या घेऊन येतात. काळ्या मसाल्याच्या रश्शात ही कोळंबी झकास लागते. अडचण एवढीच, की सुकट कशी ठेवायची हे इथल्या प्रत्येक आजीला माहीत असतं, ओली कोळंबी कशी ठेवायची हे सांगणारं मात्र घरात कुणी नसतं.

खालचं घर कल्पनेतलं आहे. अंतरं, तापमानं, जंतू आणि चुका खऱ्या आहेत. महिना मे, लग्नसराईचा.

शनिवार, पहाटे ५:०० (उरले ४६ तास)

ससून डॉक. १८७५ साली बांधलेल्या या धक्क्यावर लिलाव ऐन रंगात आहे. रविवारी नणंद-नंदोई जेवायला येणार म्हणून सटाण्याच्या काकूंनी मुंबईत नोकरीला असलेल्या पुतण्याला आधीच सांगून ठेवलंय. तो दोन किलो सोलट कोळंबी आणि एक किलो तिसऱ्या घेतो.

कोळंबी काल रात्रीचीच असेल असं नाही. मोठ्या ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतात. पण जाळ्यातून निघाल्यापासून ती बर्फात दाबलेली असेल, तर चार दिवसांची कोळंबीही चांगली असते. उन्हात तीन तास पडलेली आजची कोळंबी तिच्यापेक्षा वाईट. तेव्हा ‘ताजी आहे का?’ एवढं विचारून भागत नाही, ‘बर्फात किती होती?’ हे विचारायला हवं.

पुतण्याने घेतलेला माल चांगला आहे. कवच घट्ट आणि चकचकीत, डोकं धडाला पक्कं, वास समुद्राचा. तिसऱ्या मिटलेल्या, दोन-चार किंचित उघड्या, बोट लावलं की मिटणाऱ्या. म्हणजे जिवंत.

शनिवार, सकाळी ८:०० (उरले ४३ तास)

वाशीचं कांदा-बटाटा मार्केट. कांदा उतरवून पिकअप रिकामी झाली आहे. पुतण्या खोकं ड्रायव्हरच्या हवाली करतो. इथे तीन चुका झाल्या आहेत आणि तिन्ही बाहेरून दिसत नाहीत.

पहिली : बर्फ तळाशी, कोळंबी वर. बर्फाचं थंड पाणी खाली झिरपतं, म्हणून एक थर बर्फ, एक थर कोळंबी आणि सर्वांत वर पुन्हा बर्फ असं भरायला हवं. लांबच्या प्रवासाला वजनाला वजन बर्फ लागतो. इथे दोन किलोला जेमतेम अर्धा किलो आहे.

दुसरी : खोक्याला पाणी निघायला भोक नाही. बर्फ वितळला की कोळंबी स्वतःच्याच पाण्यात बसणार.

तिसरी : तिसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर करकचून गाठ मारलेली. तिसरी जिवंत प्राणी आहे, तिला हवा लागते. बंद पिशवीत ती गुदमरते. ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या वर, पण वितळलेल्या पाण्यात बुडणार नाही अशी ठेवली असती, तर सटाण्यापर्यंत जिवंत आली असती.

शनिवार, सकाळी ११:३० (उरले ३९ तास ३० मिनिटं)

कसारा घाट. खोकं उघड्या हौद्यात, वर ऊन. बर्फाचं पाणी झालेलं.

आत आता दोन टोळ्या कामाला लागल्या आहेत आणि त्यांच्यातला फरक या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

पहिली टोळी सडवणाऱ्या जंतूंची. त्यांना थंडी चालते, बर्फातही ते सावकाश वाढतात. ते मांसातली रसायनं फोडून ट्रायमिथाइल अमाइन आणि अमोनिया तयार करतात. आपण ज्याला ‘वास मारतो’ म्हणतो तो यांचा.

दुसरी टोळी आजारी पाडणाऱ्या जंतूंची. त्यांचा म्होरक्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, कॉलऱ्याच्या जंतूचा खाऱ्या पाण्यातला भाऊबंद. ऑक्टोबर १९५० मध्ये जपानमधल्या ओसाका भागात शिरासू नावाचे अर्धवट वाळवलेले बारीक मासे खाऊन २७२ लोक आजारी पडले, त्यातले २० दगावले. त्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी हा जंतू शोधला. १९९६ मध्ये याचाच एक नवा प्रकार कोलकात्यात आढळला आणि पुढच्या काही वर्षांत जगभर पसरला. समुद्राच्या पाण्यात हा मुळातच असतो, त्यामुळे कोळणीने किंवा पुतण्याने तो घातला असं नाही. दहा अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. उकाड्यात मात्र तो सुसाट सुटतो. दुप्पट व्हायला वीस मिनिटं धरली तरी तीन तासांत नऊदा दुप्पट होतो, म्हणजे ५१२ पट.

आणि याला वास नसतो. बर्फात ठेवलेली कोळंबी आधी वास मारते, मग धोक्याची होते. उन्हात तापलेली कोळंबी आधी धोक्याची होऊ शकते, वास मागून येतो.

शनिवार, दुपारी ३:३० (उरले ३५ तास ३० मिनिटं)

सोग्रस फाटा, देवळा मागे टाकून पिकअप सटाण्यात. पारा चाळिशीला टेकलेला. घरी कुणी नाही, सगळे गल्लीतल्या लग्नाला गेलेत. शेजारच्या मुलाने खोकं ओट्यावर, सावलीत ठेवून घेतलं. सावलीतही छत्तीस-सदतीस अंश.

नाशवंत अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा यंत्रणांचा नियम आहे. बागलाणात मार्च ते जून हा एक तासच धरायचा. खोकं ओट्यावर तीन तास राहिलं.

शनिवार, संध्याकाळी ६:३० (उरले ३२ तास ३० मिनिटं)

काकू खोकं उघडतात. पाणी करडं, गढूळ. कोळंबी अजून फार वास मारत नाही. एक हातात धरून बघू.

डोक्याच्या कडेला आणि पायांच्या मुळाशी काळे डाग. कोळंबीच्या स्वतःच्याच एन्झाइममुळे हे येतात, चिरलेलं वांगं काळं पडतं तसे. डाग विषारी नाहीत, पण बर्फ पुरला नाही याची ती खूण आहे. डोकं धडापासून लोंबतंय. डोक्यात पाचकरसाची पिशवी असते, जीव गेल्यावर तो रस मांसालाच पचवू लागतो आणि मान पहिली सैल होते. म्हणून कोळंबी ठेवायची असेल तर आधी डोकं काढायचं. कवच बोटाला बुळबुळीत लागतं. मांस दाबलं तर परत वर येत नाही, खड्डा राहतो.

चार खुणांपैकी चारही हजर आहेत. घटनाक्रम इथेच थांबू शकला असता.

आजी दारातून म्हणते, “फेकी दे वं बाई.” काकूंचं उत्तर घरोघरी ऐकू येतं तेच : “अहो आई, एवढे पैसे घालून आणलंय. आणि वास कुठे येतोय?”

तिसऱ्यांची पिशवी सोडली तर निम्म्या वासलेल्या. टिचकी मारली तरी मिटत नाहीत, म्हणजे मेलेल्या. पुतण्या फोनवर सुचवतो, “पाण्यात टाका, वाळू सोडतील.” काकू त्या नळाच्या पाण्यात टाकतात. समुद्रातली तिसरी गोड्या पाण्यात तग धरत नाही, उरलेल्याही त्यातच संपतात. वाळू काढायची तर मिठाच्या पाण्यात, तीही शिजवण्याआधी थोडा वेळ. तोवर ओल्या फडक्याखाली, उघड्या भांड्यात, फ्रिजमध्ये.

मेलेली तिसरी आणि मेलेला खेकडा यांना दुसरी संधी नाही. नदीच्या खेकड्यालाही हाच नियम : हलत नसेल तर घ्यायचा नाही. आणि विस्तवावर अर्धाकच्चा भाजून तर मुळीच खायचा नाही. ईशान्य भारतात असे खेकडे खाऊन फुप्फुसात कृमी होतात आणि तो खोकला क्षयाचा समजून औषधं चालतात.

शनिवार, रात्री ८:०० (उरले ३१ तास)

फ्रिज आंबे, कलिंगड आणि लग्नातल्या मिठाईने गच्च भरलेला. हवा फिरायला जागा नाही, त्यामुळे आत पाचऐवजी अकरा-बारा अंश आहेत. तो आकडा बघायचा तर फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर लागतो, आणि तो आपल्याकडे घरात सहसा नसतोच.

दोन किलो कोळंबी, डोक्यांसकट, एकाच खोल पातेल्यात वरच्या कप्प्यात जाते. पातेल्याच्या मधली कोळंबी थंड व्हायला कित्येक तास लागणार. पसरट ताटात एका थरात, खाली बर्फ घालून ठेवली असती तर लवकर गार झाली असती. त्याहून बरं म्हणजे साफ करून पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. फ्रीझरने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. काढल्यावर ते जिथे होते तिथून पुढे सुरू होतात. म्हणून बिघडू लागलेली कोळंबी फ्रीझरमध्ये टाकून वाचत नाही.

पातेल्याला झाकण नीट बसलेलं नाही. एक थेंब खालच्या कप्प्यातल्या काकडीवर पडतो. कच्चं मांस-मच्छी नेहमी सर्वांत खाली ठेवायचं ते याचसाठी.

शनिवार, रात्री १०:०० (उरले २९ तास)

लाइट गेली.

दार बंद ठेवलं तर फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. पण उकाड्यात पोरं थंड पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी दार उघडतात. लाइट पहाटे दोनला येते. एव्हाना पातेल्यातली कोळंबी पुन्हा कोमट झाली आहे, आणि सकाळी ती हाताला गार लागणार असल्यामुळे हे कुणाला कळणार नाही.

रविवार, सकाळी ९:०० (उरले १८ तास)

झाकण काढताच नाकाला झिणझिण्या. लघवीच्या जवळ जाणारा, अमोनियाचा वास. आजी पुन्हा बोलते, “वास यी राह्यना.”

काकू हळद, मीठ आणि दोन लिंबं पिळतात. वास जातो. हा या गोष्टीतला सर्वांत फसवा क्षण आहे. वास देणारी अमाइन्स अल्कली असतात, लिंबाच्या आम्लाशी जुळली की ती हवेत उडत नाहीत आणि नाकापर्यंत पोचत नाहीत. कोकम, चिंच, व्हिनेगर यांचंही तेच. ताज्या कोळंबीला लिंबू चवीसाठी लावावं. वास घालवण्यासाठी लावायची वेळ आली तर ती कोळंबी शिजवू नये. नाकाने उशिरा का होईना साक्ष दिली होती, लिंबाने ती पुसून टाकली.

मग सोलणं. काळा दोरा काढणं. विळी ओल्या फडक्याने पुसली जाते आणि त्याच विळीवर कांदा, काकडी.

रविवार, सकाळी ११:०० (उरले १६ तास)

रस्सा खदखदतोय. सुकं खोबरं, कांदा भाजून वाटलेला काळा मसाला, वर लालभडक तर्री. कोळंबी चांगली उकळली आहे आणि त्यातला व्हिब्रिओ मेला आहे. आत ६३ अंशांच्या वर उष्णता पोचली की तो टिकत नाही. पण सगळंच उकळीने मरत नाही. स्टॅफिलोकॉकसचा जंतू उकळून मरतो, त्याने आधीच सोडलेलं विष अर्धा तास उकळूनही उरतं.

तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांच्या बाबतीत तर ताजेपणाही पुरत नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळच्या विळिंजमला शिंपले खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून जास्त लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. ते शिंपले सडके नव्हते. समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळाचं विष त्यांनी पाण्यासोबत गाळून अंगात साठवलं होतं. या विषाला वास नाही, चव नाही, आणि शिजवून ते जात नाही. शिंपले खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, तर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पुढे श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात.

इथे ओट्यावर जे न उकळलेलं आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. काकडीची कोशिंबीर. व्हिब्रिओला मीठ लागतं, नळाच्या धारेखाली विळी घासली असती तर तो बराचसा मेला असता. पुसलेल्या विळीवरून तो काकडीत आला, तिथे त्याला मीठ मिळालं, आणि स्वयंपाकघरात छत्तीस अंश आहेत.

रविवार, दुपारी १:०० (उरले १४ तास)

पंगत. भाकरी, रस्सा, कोशिंबीर. सगळे वाहवा करतात. आजी कोळंबीला हात लावत नाही. कोशिंबीर मात्र तिला आवडते.

रविवार, रात्री ८:३० (उरले ६ तास ३० मिनिटं)

उरलेला रस्सा दुपारपासून ओट्यावरच. शिजलेलं अन्नही दोन तासांत, अशा हवेत तासाभरात, फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. आता त्याला एक उकळी आणून पुन्हा वाढलं जातं. रश्शात तिसऱ्याही घातल्या होत्या, त्यांतल्या मिटलेल्याच राहिलेल्या दोन काकूंचा धाकटा मुलगा हट्टाने सुरीने उघडून खातो. शिजून आपोआप न उघडलेली तिसरी टाकून द्यायची असते.

सोमवार, पहाटे ३:०० (शून्य)

पहिल्यांदा आजी उठते. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. मग धाकटा, मग नंदोई, उलट्यांसकट. साडेतीनपर्यंत सहा जण.

दोषी कोण, हे आत्ता सांगता येणार नाही. व्हिब्रिओचा त्रास बहुधा बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, म्हणजे दुपारची कोशिंबीर. स्टॅफचं विष एक ते सहा-आठ तासांत बोलतं, म्हणजे रात्रीचा रस्सा. तपासणीशिवाय निकाल नाही, आणि या घटकेला निकालाची गरजही नाही. गरज आहे ती पाण्याची.

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. किंवा ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. घोट-घोट, उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांच्याकडे कॉलऱ्याच्या रुग्णांना पुरेल एवढं सलाइन उरलं नाही, तेव्हा त्यांनी असंच पाणी पिंपांतून वाटलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं.

जुलाब बांधणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-सात तास लघवी नाही, सुस्ती, भ्रम, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करायचा. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही किंवा यकृताचा रुग्ण असेल तर एवढीही वाट बघायची नाही.

आजीला उजाडायच्या आत दवाखान्यात सलाइन लागलं. दोन दिवसांनी ती घरी आली. प्रत्येक घरात शेवट असाच होतो असं नाही.

कुठे थांबवता आलं असतं

वाशीत दीड किलो बर्फ जास्त आणि खोक्याला एक भोक. सटाण्यात कुणीतरी घरी. साफ करून त्याच रात्री शिजवणं. पसरट ताट आणि खालचा कप्पा. रविवारी विळी साबणाने घासून नळाखाली धुणं. यातलं एखादं झालं असतं तरी धोका कमी झाला असता, सगळं झालं असतं तर नणंदेने पुढच्या वेळी पुन्हा कोळंबीच मागितली असती. आणि शनिवारी साडेसहाला आजीचं ऐकलं असतं, तर बाकी कशाचीच गरज नव्हती.

कोळंबी मागवायचीच असेल तर हिशेब बोटीपासून ठेवा. कच्ची कोळंबी घरच्या फ्रिजमध्ये, पाच अंशांच्या आत, फार तर दोन दिवस. जिवंत तिसऱ्या, खेकडे शक्यतो त्याच दिवशी. बर्फाशिवाय उन्हाळ्यात एक तास, एरवी दोन. त्याच्या वर गेलं की वास आला नाही तरी ती बाद धरा. बाद झालेला माल गल्लीत कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका, परसात खड्डा करून पुरा, आणि संध्याकाळी सुकटीची चटणी करा.